घरची मोटार, घरचीं हत्यारें

स्वयंपाकघरांत भाजी चिरण्यास विळी, पोळी लाटण्यास लाटणें, तापलेलें पातेलें उतरण्यास सांडशी आणि तळण काढण्यास झारा, ही व्यवस्था आपल्या घरोघरीं इतकी अंगवळणीं पडलेली असते कीं, तिच्याविषयीं कोणी विचारहि करीत नाहीं. एखाद्या नव्या सुनेनें नारळ खवण्यास चमचा घेतला, तर घरांतील वडील बायका तिला हंसल्यावांचून राहणार नाहींत. पण त्याच घरांतील पदवीधर गृहस्थ मोटारीचा नट पक्कडीनें पिळूं लागला, तर त्याला मात्र कोणी हंसत नाहीं. उलट 'किती खटपट करतात' असें म्हणून त्याचें कौतुकच होतें. स्वयंपाकघरांत जी शिस्त आपण निमूटपणें पाळतों, ती मोटारीपाशीं गेल्याबरोबर कां विसरतों, हा प्रश्न माझ्या मनांत आज पुष्कळ वर्षें घोळत आहे. तो कसा उत्पन्न झाला, तें आधीं सांगतों.

आम्ही त्या वेळीं मुलुंडला राहत होतों. वडिलांनीं मोठ्या हौसेनें एक जुनी फियाट घेतली होती, आणि ती आमच्या इमारतीच्या आवारांत जांभळीच्या झाडाखालीं उभी असे. १९८६ सालच्या जुलै महिन्यांतील गोष्ट. पावसाची झड लागलेली, रात्रीचे दोन वाजलेले, आणि आईला दम्याचा जोराचा झटका आला. वडील व मी तिला आधार देऊन खालीं आणलें, गाडींत बसविलें, आणि किल्ली फिरवली. पण गाडींतून नुसता 'टक्' असा आवाज आला. बॉनेट उघडून पाहतों तों बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट क्षार सांचलेला. तें टोंक मोकळें करून, घासून, पुन्हां आवळण्याचें काम पांच मिनिटांचें होतें. परंतु पान्यांचा जुडगा शेजारच्या एका गृहस्थांनीं महिन्यापूर्वी नेलेला, तो परत आलेला नव्हता. घरांत होती ती एक पक्कड. वडिलांनीं पक्कडीनें नट धरला आणि जोर केला. पक्कड निसटली. पुन्हां धरला, पुन्हां निसटली. तीन-चार वेळां असें झाल्यावर नटाचे सहाहि कोपरे झिजून तो सुपारीसारखा गोल झाला, आणि मग त्याला कोणतेंच हत्यार धरीना.

शेवटीं मागच्या चाळींत राहणाऱ्या एका टॅक्सीवाल्याला उठवून आईला इस्पितळांत नेलें. या सर्व खटाटोपांत पाऊण तास गेला. तेथील डॉक्टरांनीं वडिलांना एवढेंच विचारलें, "इतका उशीर कां केलात?" आई त्या आजारांतून उठली, परंतु तो प्रश्न वडील पुढें कधीं विसरले नाहींत.

दुसरे दिवशीं सकाळीं तो टॅक्सीवाला आपण होऊन आला. त्यानें त्या गोल झालेल्या नटावर एक मापानें किंचित् लहान असा रिंग पाना हातोडीच्या हलक्या ठोक्यांनीं बसविला आणि नट काढला. तीन मिनिटेंहि लागलीं नसतील. वडील त्याला पैसे देऊं लागले, तेव्हां तो म्हणाला, "पैसे राहूं द्या, काका. एक गोष्ट मात्र लक्षांत ठेवा. पक्कड धरायला असते, फिरवायला पाना असतो." त्याच शनिवारीं वडिलांनीं मला बरोबर घेतलें, लोकलनें मशीद बंदरला उतरून आम्ही नागदेवी स्ट्रीटवर गेलों, आणि तेथून पान्यांचा एक संपूर्ण संच विकत आणला. तो आज माझ्यापाशीं आहे.

पाना आणि नट यांच्यामध्यें नेमकें काय घडतें, हें समजून घेतल्यास पुढचें सर्व सोपें होतें. नट षट्‌कोनी असतो. बरोबर मापाचा पाना त्याच्या सपाट बाजूंना चिकटून बसतो आणि जोर त्या सपाटीवर वांटला जातो. पाना एक मिलिमीटरनें जरी मोठा असला, तरी तो सपाटीला सोडून कोपऱ्यावर टेकतो. सगळा भार सुईच्या अग्राएवढ्या जागेवर येतो, तेथील धातु दबतो आणि कोपरा जातो. एकदां कोपरा गेला कीं पुढच्या प्रयत्नाला पाना अधिकच सैल बसतो. पक्कडीचे दांत तर मुळांतच समांतर राहत नाहींत. तिचें सारें बळ आपल्या मुठीवर अवलंबून असतें. म्हणून जें काम पान्याचें आहे, तें पक्कडीकडून घेणें म्हणजे नटाचा नाश ओढवून घेणें होय.

आतां मापांचा विचार करूं. आपल्या उपनगरांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत ज्या मोटारी फिरल्या, त्यांची दोन घराणीं होतीं. एक घराणें कुर्ल्याचें. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीची गाडी बनूं लागली, आणि तीच पुढें 'प्रीमियर पद्मिनी' या नांवानें घरोघरीं पोंचली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी या नात्यानें ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. ही गाडी इटलीची असल्यामुळें तिचे नट-बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे. दुसरें घराणें ॲम्बॅसेडरचें. ती मूळची इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड, बंगालमधील उत्तरपाडा येथें बनणारी. म्हणून तिचीं मापें इंचांचीं. इंग्रज यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ मध्यें मळसूत्राच्या आट्यांचें एक ठरीव प्रमाण सुचविलें, तोंपर्यंत प्रत्येक कारखान्याचा बोल्ट निराळा असे. त्यानें केलेला उपकार मोठा. परंतु इंच आणि मिलिमीटर यांचें भांडण त्यामुळें मिटलें नाहीं. आपल्या देशांत दशमान मापांचा कायदा १९५६ सालीं झाला आणि त्याचा अंमल १९५८ पासून सुरू झाला. तरी जुन्या यंत्रांतील इंच कायद्यानें थोडेच बदलणार?

घरांत फियाट आणि शेजारीं ॲम्बॅसेडर अशी स्थिति असली कीं पान्यांची देवघेव होई आणि नटांचे कोपरे जात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना चढतो, आणि अननुभवी माणसाला तो बसलासें वाटतें. पण तीन दशांश मिलिमीटरची फट राहते, आणि गंजलेल्या नटाला तेवढी पुरते. नऊ-सोळांश इंच म्हणजे सुमारें १४.३ मिलिमीटर, त्यावर १४ चा पाना चढत नाहीं आणि १५ चा खुळखुळतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथें मात्र १९ चा पाना बहुधा निभावून नेतो. अशा एका ठिकाणीं निभावलें म्हणून सर्वत्र निभावेल असें मानणें, हीच चूक आपण करतों. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० आली. तिच्यानंतरच्या बहुतेक सर्व गाड्या मिलिमीटरच्या मापाच्याच आहेत. तेव्हां आजच्या गृहस्थाला इंचाच्या संचाची सहसा गरज नाहीं. आजोबांच्या वेळचे पाने पेटींत असतील, तर त्यांवरील आंकडे एकदां भिंगानें वाचून ते वेगळे बांधून ठेवावे.

घरीं कोणतीं हत्यारें असावींत, हा प्रश्न आतां घेऊं. यादी लांबवण्यांत अर्थ नाहीं. थोडीं असावींत, पण चांगलीं असावींत.

पहिला मान रिंग पान्याला. तो नटाला चोहोंकडून वेढतो आणि सहाहि बाजूंना भार वांटून घेतो. उघड्या तोंडाचा पाना, ज्याला कारागीर फिक्स पाना म्हणतात, तो दोनच बाजूंना धरतो. त्याची योजना अडचणीच्या जागीं, जेथें रिंग वरून उतरवतां येत नाहीं तेथें, करावी. नट सैल करण्याचा पहिला झटका रिंगनें द्यावा आणि मग भराभर फिरवण्यास फिक्स घ्यावा. एका टोंकाला रिंग आणि दुसऱ्या टोंकाला उघडें तोंड असलेले पाने मिळतात. घरच्या कामाला ८ पासून १९ मिलिमीटरपर्यंतचे तसले पाने पुरेसे होतात, आणि त्यांतहि १०, १२, १४ व १७ हे वारंवार लागतात.

दुसरें हत्यार गोटी पान्यांचें, म्हणजे सॉकेटचें. खोल जागेंतील नटाला हेंच उपयोगी. गोटी घेतांना शक्य तर आंतून सहा कोनांची घ्यावी. बारा कोनांची गोटी चढवण्यास सोपी, पण गंजक्या नटावर ती कोपऱ्याजवळ टेकते आणि निसटण्याचा संभव अधिक. स्पार्क प्लग काढण्याची गोटी निराळी असते. तिच्यांत प्लगचें चिनीमातीचें अंग न तडकावें म्हणून रबराचें अस्तर असतें. प्लग बसवतांना प्रथम हातानेंच फिरवावा. आटे तिरपे बसले आणि वर पान्याचा जोर दिला, तर इंजिनाच्या माथ्याचे ॲल्युमिनियमचे आटे कापले जातात, आणि पन्नास पैशांच्या घाईची किंमत हजारांत मोजावी लागते.

तिसरें हत्यार स्क्रू-ड्रायव्हर. आपल्या घरांत बहुधा एकच असतो. तो रंगाचे डबे उघडण्यास, खिळा उपटण्यास आणि प्रसंगीं नारळ फोडण्यासहि वापरला जातो, आणि मग त्याचें टोंक गोल झाल्यावर 'हा स्क्रूच वाईट' असा निकाल दिला जातो. चपट्या टोंकाचे दोन आणि चौफुलीच्या टोंकाचे दोन, लहान व मोठे, असे चार तरी असावे. टोंक स्क्रूच्या खाचेंत भरून बसलें पाहिजे. चौफुली स्क्रूला फिरवण्यापेक्षां दाबण्यास अधिक जोर लागतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दाब कमी पडला कीं टोंक वर उसळतें आणि खांच कुरतडली जाते.

चौथी पक्कड. ती धरण्यास, वांकवण्यास, तार कापण्यास आणि कळ काढण्यास उत्तम. तिची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. तिला तिचें काम द्यावें, इतकेंच. तोंड लहानमोठें करतां येतें तो स्क्रू-पानाहि असाच अडीअडचणीचा सोबती. तो वापरावाच लागला, तर तोंड नटावर घट्ट आवळून घ्यावें आणि भार त्याच्या स्थिर जबड्यावर येईल अशा बाजूनें ओढावें. सरकत्या जबड्यावर भार आला तर तो ढिला पडतो. कोणताहि पाना असो, तो शक्यतों आपल्याकडे ओढावा, पलीकडे ढकलूं नये. ढकलतांना निसटला तर सगळ्या अंगाचा भार बोटांच्या पेरांवर येतो आणि तीं समोरच्या लोखंडावर आपटतात. ओढावयास जागाच नसेल, तर मूठ न आवळतां उघड्या तळहातानें ढकलावें.

हत्यार विकत घेतांना त्यावर 'क्रोम-व्हॅनेडियम' असा ठसा आहे का आणि माप खोल उमटविलें आहे का, हें पाहावें. ठोकून घडवलेला पोलादी पाना भाराखालीं टिकतो. ओतीव, स्वस्त पान्याचें तोंड पहिल्याच जोरांत फांकतें. आपल्याच महाराष्ट्रांत नाशिकला आणि तिकडे पंजाबांत जालंधरला हत्यारांचे मोठे कारखाने आहेत, आणि त्यांचा माल परदेशांतहि जातो. तेव्हां चांगलें हत्यार मिळत नाहीं, ही सबब चालणार नाहीं.

आपल्या उपनगरांना एक खास शत्रु आहे, तो म्हणजे खारी हवा. अंधेरीला वर्सोव्याचा समुद्र, बोरीवलीला गोराईची खाडी, मुलुंड-भांडुपच्या पूर्वेला मिठागरें आणि ठाण्याची खाडी. त्यांत जून ते सप्टेंबरपर्यंत पाऊस. येथें नट-बोल्टाला गंज चढण्यास वर्ष पुरेसें होतें. गंजलेल्या नटाशीं कुस्ती करूं नये. प्रथम तारेच्या ब्रशनें आटे साफ करावे, गंज सोडविणारें पातळ तेल सोडून रात्रभर तसेंच राहूं द्यावें, सकाळीं हातोडीनें हलके ठोके द्यावे आणि मग रिंग पाना लावावा. थोडा सैल, थोडा घट्ट, असा पुढेंमागें करीत काढला म्हणजे गंजाची पूड आट्यांतून बाहेर पडते आणि बोल्ट तुटत नाहीं. येथें धीर हेंच मुख्य हत्यार.

नट काढण्याइतकेंच आवळण्यालाहि माप असतें. पान्याची लांबी आणि लावलेला जोर यांचा गुणाकार नटाला पिळतो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोंकाला वीस किलो वजन टांगलें, तर सुमारें पन्नास न्यूटन-मीटर इतका पीळ पडतो. लहान मोटारीच्या चाकाच्या नटाला बहुधा ८० ते ११० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला असतो. आतां आपले लोक काय करतात? पाना नटावर बसवून त्यावर उभे राहतात. साठ किलो वजनाचा गृहस्थ तीस सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला, तर पीळ १७६ च्या घरांत जातो. बोल्ट ताणला जातो, आट्यांवर ताण येतो, आणि पुढच्या वेळीं रस्त्यांत पंक्चर झालें असतां तोच नट सुटत नाहीं. पीळ मोजणारा टॉर्क-पाना आतां सर्वत्र मिळतो. एका कुटुंबाला तो महाग वाटला, तर सोसायटींतील चार-पांच कुटुंबांनीं मिळून एक घ्यावा.

चाक बदलण्याचा क्रम असा ठेवावा. गाडी सपाट जागीं उभी करावी. हातब्रेक लावून गिअरमध्यें ठेवावी. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील चाकाला दगड किंवा लांकडी पाचर लावावी. चाक जमिनीवर असतांनाच नट अर्धा फेरा सैल करावे. मग पुस्तिकेंत दाखविलेल्या ठिकाणींच जॅक लावून गाडी उचलावी. नवें चाक बसवून नट हातानें फिरवावे, समोरासमोरचे नट आळीपाळीनें आवळावे, गाडी खालीं घ्यावी आणि शेवटचा पीळ चाक जमिनीवर टेकल्यावर द्यावा. पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर ते पुन्हां एकदां तपासावे.

जॅकविषयीं मात्र मला अधिक आग्रहानें लिहिलें पाहिजे. १९९२ सालीं माझा धाकटा भाऊ घाटकोपरला टेकडीच्या बाजूस राहत असे. त्याच्या गल्लीला उतार होता. एका रविवारीं त्यानें गाडीबरोबर मिळालेल्या जॅकवर गाडी उचलली, चाक काढलें, आणि ब्रेकच्या बाजूस काय आवाज येतो तें पाहण्यास हात आंत घातला. मी त्याला चहासाठीं हांक मारली, म्हणून त्यानें हात बाहेर काढला आणि तो उठला. तो उठतो न उठतो तोंच जॅक कलंडला आणि गाडी धाडकन् खालीं आली. आम्ही दोघेहि कांहीं वेळ एक शब्द बोललों नाहीं. त्या चहाच्या हांकेवर एका माणसाचा उजवा हात राहिला, हें आठवलें कीं अजूनहि अंगावर कांटा येतो.

गाडीबरोबर येणारा जॅक हा चाक बदलण्यापुरता उचलण्यासाठीं आहे. धरून ठेवण्यासाठीं नाहीं. उताराच्या जागीं तर तो लावूंच नये. उचललेल्या गाडीखालीं अंगाचा कोणताहि भाग घालावयाचा असेल, तर सपाट व कठीण जमिनीवर पोलादी घोड्या, म्हणजे ॲक्सल-स्टँड, लावल्यावांचून घालूं नये. विटा रचून त्यावर गाडी टेकवणें हा आत्मघात आहे, कारण वीट सूचना न देतां फुटते. नुसतें चाक बदलतांनाहि काढलेलें चाक गाडीच्या कडेखालीं आडवें सरकवून ठेवावें. जॅक निसटला तरी गाडी त्यावर अडते.

बॅटरीच्या कामालाहि क्रम आहे. आजच्या गाड्यांत बॅटरीचें ऋण टोंक गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेलें असतें. म्हणून सोडतांना प्रथम ऋण आणि मग धन, व जोडतांना प्रथम धन आणि मग ऋण, असें करावें. उलट केलें, आणि धन टोंकावरील पाना चुकून गाडीच्या अंगाला लागला, तर प्रचंड विद्युत्प्रवाह वाहून ठिणगी उडते आणि पानाहि लाल होतो. हातांतील अंगठी, घड्याळ, बांगड्या आधीं काढून ठेवाव्या. पदर व ओढणी खोंचून घ्यावी. नव्या गाड्यांतील रेडिएटरचा पंखा इंजिन बंद केल्यावरहि आपोआप सुरू होतो, हें विसरूं नये.

योग्य हत्याराचा अर्थ कधीं कधीं 'कोणतेंहि हत्यार हातीं न धरणें' असाहि होतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांतील असंख्य गाड्या पाण्याखालीं गेल्या. पाणी ओसरल्यावर 'पाहूं तरी सुरू होते का' म्हणून ज्यांनीं किल्ली फिरवली, त्यांनीं आपल्या हातानें इंजिनाचा घात केला. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरमध्यें पाणी असतां दट्ट्या वर चढूं लागला, तर त्याला जोडलेला दांडा वांकतो. अशा वेळीं बॅटरी सोडवून गाडी ओढून नेणें हेंच खरें ज्ञान. त्याचप्रमाणें अपघातांत फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या, विजेवरील गाड्यांतील नारिंगी रंगाच्या तारा आणि सी. एन. जी. चा सरंजाम यांना घरीं हात लावूं नये. त्या टाकींत सुमारें २०० पट वातावरणदाबानें वायु कोंडलेला असतो, आणि तिची दर तीन वर्षांनीं तपासणी करून घेणें कायद्यानें आवश्यक आहे. ब्रेकचें कामहि जाणत्या माणसाजवळ शिकल्यावांचून करूं नये. आपली मर्यादा ओळखून जो गॅरेजकडे जातो, तोहि शहाणाच. फरक इतकाच कीं, त्याला मिस्त्री काय सांगतो तें समजतें, आणि तो फसत नाहीं.

आणखी एक कर्तव्य सांगितलें पाहिजे. घरीं बदललेलें जुनें इंजिनतेल गटारांत ओतूं नये. आपल्या भागांतील गटारें दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्यांना मिळतात. त्यांचें आपण काय करून ठेवलें आहे, तें दिसतेंच आहे. तेल जुन्या डब्यांत भरून गॅरेजांत द्यावें.

कोणी म्हणेल, एवढी विद्या कशाला? गल्लोगल्लीं कारागीर आहेत, पैसे टाकले कीं काम होतें. हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. परंतु त्याच्या मुळाशीं एक जुनी खोड आहे. लेखणी धरणारा हात श्रेष्ठ आणि पाना धरणारा हात कनिष्ठ, असें आपल्या घरांनीं पिढ्यान् पिढ्या मानलें. माझी आजीहि वडिलांचे काळे हात पाहून म्हणे, "शिकूनसवरून हें रे काय?" ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्यें यंत्रांचें रेखाटन शिकविलें, बेळगांवांत सायकलींचें दुकान चालविलें आणि १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसविली, त्यांनीं हात काळे करण्याची लाज धरली असती, तर महाराष्ट्रांतील नांगराचा कारखाना कोठें असता? यंत्राला जात नसते आणि पदवीहि कळत नाहीं. त्याला फक्त माप कळतें.

आमच्या घरीं वडिलांनीं त्या जुलैनंतर तीन नियम केले, ते मी अजून पाळतों. एक, वापरलेलें हत्यार पुसून, तेलाचा बोळा फिरवून, जागच्या जागीं ठेवावयाचें. खाकी कापडाच्या गुंडाळींत प्रत्येक पान्याचा कप्पा शिवलेला आहे. एक कप्पा रिकामा दिसला कीं गुंडाळी बांधावयाची नाहीं. दोन, हत्यार उसनें द्यावयाचें, नाहीं म्हणावयाचें नाहीं. पण पेटीच्या झांकणाला चिकटविलेल्या कागदावर नेणाऱ्याचें नांव व तारीख लिहावयाची. तीन, महिन्यांतून एकदां, काम असो वा नसो, बॉनेट उघडून तेल, पाणी आणि बॅटरीचीं टोंकें पाहावयाचीं.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतों. पुष्कळ घरीं त्या दिवशीं मोटारीला झेंडूची माळ घालतात, चाकाखालीं लिंबू ठेवतात. पण डिकींतील पान्यावर वर्षभराचा गंज तसाच असतो. आमच्या घरीं ती खाकी गुंडाळी पाटावर उलगडून ठेवतात. माझी मुलगी आतां अंधेरीला राहते आणि स्वतः गाडी चालवते. गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं तिच्या गाडीचें चाक द्रुतगति मार्गावर बसलें. तिनें गाडी अगदीं कडेला घेतली, लाल त्रिकोण मागें दूरवर ठेवला, आणि वीस मिनिटांत चाक बदलून ती घरीं पोंचली, मग मला फोन करून म्हणाली, "बाबा, आजोबांचा १९ चा पाना अजून घट्ट बसतो हं." तो पाना तिनें मला न सांगतांच गुंडाळींतून नेला होता. पेटीच्या झांकणावरील कागद मी काढून पाहिला. तिचें नांव आणि तारीख तेवढी त्यावर व्यवस्थित लिहिलेली होती.